पूर ओसरल्यानंतरचा इतिहास

जुन्या चांद्याविषयी लिहिणारा कोणीही परकोटापासून सुरुवात करतो. ते स्वाभाविकही आहे. सुमारे ११ किलोमीटरचा हा दगडी कोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, आणि चोर, विठोबा, हनुमान, मसाण, बगड अशा पाच खिडक्या. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरची गळवे झरपटच्या पात्रातल्या कुंडाच्या पाण्याने बरी झाली आणि म्हणून त्याने तिथे नगर वसवले, ही आख्यायिका चंद्रपुरातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. तटाचे काम एका राजाच्या हयातीत संपले नाही, धुंड्या रामशहाच्या काळापर्यंत ते चालले. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत चांद्याच्या बाबाजीची नोंद केली आहे, ती एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळाची. म्हणजे गोंड राजांकडे फौज किती होती हे आपल्याला माहीत आहे. पण त्याच राजांच्या रयतेने इरईला पूर आला की काय केले, घरे सोडून कुठे गेली, परत कधी आली, याविषयी एक ओळ सापडत नाही.

वास्तविक हा तट शत्रूसाठी बांधला असला तरी दर पावसाळ्यात त्याचा उपयोग पाण्याविरुद्धच होत आला आहे. शहराच्या पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. झरपट शहराच्या दक्षिणेला इरईला मिळते आणि इरई पुढे हडस्तीजवळ वर्धा नदीला. वर्धा फुगली की इरईचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे दाबले जाते आणि शहराकडे पसरते. त्यामुळे चंद्रपुरात पाऊस थांबलेला, आभाळ मोकळे, आणि तरीही पाणी चढते आहे, असा प्रकार घडतो. बाहेरच्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. पाणी पठाणपुरा दरवाजापर्यंत येऊन थडकते, बिनबा दरवाजाबाहेरचा रस्ता बुडतो, आणि कोटाच्या आतले शहर बऱ्याच अंशी कोरडे राहते. गोंड राजांच्या गवंड्यांना नदीची वृत्ती चांगली ठाऊक असावी, असे हा तट पाहून वाटते.

प्रश्न कोटाबाहेर राहणाऱ्यांचा आहे. आणि कोटाबाहेर कोण राहायला गेले, हा शुद्ध इतिहासाचाच प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या भागात कोळसा निघू लागला. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी येथे खाणी झाल्या. १९४५ साली बल्लारपूरला कागद कारखान्याची कंपनी उभी राहिली. १९८० च्या दशकात दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि त्याच्या पाण्यासाठी इरईवर धरण बांधले गेले. या प्रत्येक टप्प्यावर मजूर, मिस्त्री, वेल्डर, ट्रक ड्रायव्हर, गॅरेजवाले, भंगारवाले, भाजीवाले आले. तेलंगणातून आले, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आले, विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतूनही आले. त्यांत मुसलमान पुष्कळ होते, दलित आणि आदिवासीही होते. कोटाच्या आत जागा नव्हती आणि असली तरी परवडणारी नव्हती. नदीकाठची सखल जमीन स्वस्त होती. ती स्वस्त का आहे हे विकणाऱ्याला माहीत होते, घेणाऱ्यालाही थोडेफार माहीत असणार. पण भाड्याच्या खोलीत दहा वर्षे काढलेल्या माणसाला स्वतःच्या चार भिंती दिसू लागल्या की तो दर दहा-बारा वर्षांनी येणाऱ्या पाण्याचा हिशेब करत नाही.

अशा वस्त्यांपैकी एक रहमतनगर. हे नाव चंद्रपूरच्या पुराच्या बातम्यांत इतक्या वेळा छापून आले आहे की पूर म्हटला की रहमतनगर हे समीकरणच झाले आहे. आपल्याकडे पावसालाही रहमत म्हणतात, आणि ज्या वस्तीचे नाव रहमत तिच्यावरच ती अशी वारंवार कोसळावी, हा योगायोग वस्तीतल्या लोकांच्याही लक्षात आल्यावाचून राहिला नसेल. पण सिस्टर कॉलनी असो, बिनबा वॉर्ड असो की पठाणपुऱ्याबाहेरची वस्ती असो, पाणी नाव आणि जात विचारत नाही. ते फक्त जमिनीची उंची विचारते. जमिनीची उंची आणि माणसाची ऐपत यांचे मात्र फार जवळचे नाते आहे.

नदीचेही काही बदलले आहे. इरईच्या काठाने कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर उभे राहिले, वीज केंद्राची राख पात्रात उतरली, पात्र उथळ झाले. २००६, २०१३ आणि २०२२ या तिन्ही सालांतले पूर आजच्या पिढीने पाहिलेले आहेत. पाटबंधारे खात्याने नकाशावर दोन रेषा ओढल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी. वस्ती आधीची, रेषा नंतरची. त्यामुळे तिथला रहिवासी एका सकाळी उठला तो कागदोपत्री गुन्हेगार होऊनच. घर दुरुस्त करायला परवानगी नाही आणि दुसरीकडे जायला पैसा नाही, अशा कात्रीत तो सापडला.

आता मुद्द्यावर येतो. पूर येतो तेव्हा छायाचित्रकार येतात, बोटी येतात, पुढारी येतात. पाणी उतरले की ही मंडळी पाण्याबरोबरच उतरून जातात. खरा पूर त्यानंतर सुरू होतो असे म्हटले तरी चालेल. पहिले काम चिखलाचे. हा चिखल शेतातल्या गाळासारखा नसतो, त्यात राख असते, गटार असते, मेलेली जनावरे असतात, आणि तो वाळला की सिमेंटसारखा बसतो. म्हणून तो ओला असतानाच काढावा लागतो, आणि ओला असताना घरात पाय ठेवणे धोक्याचे, कारण साप आणि विंचू माळ्यावर चढलेले असतात. दुसरे काम पाण्याचे. चहूकडे पाणी आणि पिण्याला घोटभर नाही, वजूला नाही. जुन्या मोहल्ल्यांत विहिरी होत्या तेव्हा त्या उपसाव्या लागत. हनफी फिकहच्या हिदाया या प्रसिद्ध ग्रंथात विहिरीत काय पडले तर किती पाणी उपसावे याची स्वतंत्र चर्चा आहे. मदरशात शिकताना ती रुक्ष वाटते. पूर ओसरल्यावर मात्र तीच चर्चा अगदी व्यवहाराची होते. आता ब्लीचिंग पावडर आणि टँकर आले, एवढाच फरक.

तिसरे काम कागदाचे, आणि माझ्या मते हेच सर्वांत जड. भांडे धुऊन घेता येते, गादी फेकून देता येते. शिधापत्रिका, शाळेची टीसी, जन्माचा दाखला, घराची इसारपावती, निकाहनामा यांचे काय? २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला आणि नागरिकत्व नोंदवहीची चर्चा सुरू झाली, तेव्हा मुसलमान मोहल्ल्यांत बाप-आजोबांचे कागद शोधण्याची जी धांदल उडाली ती सर्वांना आठवत असेल. नदीकाठच्या वस्तीत ही धांदल वेगळीच होती. तिथे कागद नाहीत असे नव्हते. ते २००६ ला भिजले होते, वाळवून ठेवले तर २०१३ ला पुन्हा भिजले होते. शाई पसरलेला आणि घडीवर फाटलेला कागद दाखवून माणूस काय सिद्ध करणार? तेव्हापासून अनेक घरांत कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा छताच्या आढ्याला, अशी व्यवस्था झाली. पुराने शिकवलेली ही नवी रीत आहे.

चौथे काम पंचनाम्याचे. केंद्र सरकारच्या २०१५ ते २०२० या काळातल्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबाला १,८०० रुपये आणि भांड्यांसाठी २,००० रुपये होते, आणि घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असल्याची अट होती. ज्याने हे निकष लिहिले त्याच्या घरात कधी गुडघाभर पाणीही शिरले नसावे. सहा तास पाण्यात राहिलेला फ्रीज आणि दोन दिवस राहिलेला फ्रीज सारखाच निकामी होतो. शिलाई मशीनचेही तेच. राज्य सरकारांनी वेळोवेळी रकमा वाढवल्या, अटी सैल केल्या हे खरे, पण भाडेकरूचा प्रश्न राहतोच. भिंत मालकाची, सामान भाडेकरूचे, आणि पंचनाम्यात भिंतीला जितकी किंमत तितकी सामानाला नाही.

मुलांची शाळा सर्वांत शेवटी सुरू होते, कारण शाळेतच पूरग्रस्त राहत असतात. शाळेची घंटा पुन्हा वाजली म्हणजे पूर संपला असे समजायला हरकत नाही.

या साऱ्याची नोंद कुठे आहे? मध्य प्रांताच्या गॅझेटियरांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांवर पानेच्या पाने आहेत. दुष्काळाने शेतसारा बुडतो, म्हणून दुष्काळाचे कायदे झाले, आयोग बसले, अहवाल छापले गेले. पुराने चार मोहल्ले धुऊन गेले तर सरकारी तिजोरीला फारसे काही होत नसे. म्हणून पुराचा इतिहास तोंडी राहिला. आणि तोंडी इतिहासात आपल्या समाजाची एक खास पद्धत आहे, तिच्याकडे संशोधकांनी लक्ष द्यावे असे वाटते. म्हातारी माणसे इसवी सन सांगत नाहीत. ‘त्या साली रमजानमध्ये पाणी आले’ असे सांगतात. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. भर पावसाळ्यातला रमजान म्हणजे २०१० ते २०१४ च्या सुमाराचा, त्याआधी १९७७ ते १९८१ चा, त्याआधी १९४५ ते १९४९ चा. सांगणाऱ्याचे वय आणि रमजान एवढ्यावरून साल बरेचसे नक्की करता येते. २०१३ चे पूर तर जुलै-ऑगस्टमध्ये, ११ जुलैला सुरू झालेल्या रमजानमध्येच आले. घरात पाणी शिरलेले, चूल भिजलेली, गॅस सिलेंडर तरंगते आहे, आणि सहरीची वेळ झालेली. ज्यांनी ते रोजे ठेवले ते साल विसरतील, महिना विसरणार नाहीत. २०२२ ला १० जुलैला बकरी ईद झाली आणि ईदच्या त्याच आठवड्यात वर्धा आणि इरई दोन्ही फुगल्या.

वैनगंगेच्या खोऱ्यात तर २०२० साली याहून विलक्षण योग आला. ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले, खाली गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले, आणि ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या तालुक्यांतली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. चारी बाजूंनी वैनगंगेने वेढलेल्या लाडजसारख्या गावातून माणसे बोटींनी काढावी लागली. ३० ऑगस्टला आशुरा होता. करबलाच्या तहानेची आठवण करण्याचा, सबील लावून वाटसरूला पाणी पाजण्याचा हा दिवस. त्या वर्षी कोरोनामुळे मिरवणुकीला बंदी होती. आणि नदीकाठी लोक पाण्यातून जीव वाचवून बाहेर येत होते व पिण्याचे पाणी मागत होते. लगेच १ सप्टेंबरला गणपतीचे विसर्जन. दोन्ही समाजांचे सण त्या वर्षी सारखेच मुके गेले.

हा पूर शेतकऱ्याला सर्वांत महाग पडला, कारण त्याची वेळ वाईट होती. झाडीपट्टीत ऑगस्टअखेर धानाचा रोवणा संपलेला असतो. बियाणे, खत, मजुरी, सगळा पैसा बांधीत गेलेला असतो. जुलैचा पूर आला तर पऱ्हे पुन्हा टाकता येतात. सप्टेंबरच्या तोंडावर काही करता येत नाही. त्यातून गाळ बसलेली बांधी पुढच्या हंगामापर्यंत सपाट करावी लागते ती वेगळीच. जिरायती शेतीला तेव्हा केंद्राच्या निकषाने हेक्टरी ६,८०० रुपये आणि तेही दोन हेक्टरपर्यंत मिळत. २०२२ मध्ये राज्य सरकारने ते दुप्पट, म्हणजे १३,६०० रुपये केले आणि मर्यादा तीन हेक्टरांची केली. वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतर तिथल्या कंपन्या गावोगाव नाटके घेऊन निघतात आणि त्या रात्रींवर चहावाल्यापासून मांडववाल्यापर्यंत कितीतरी पोटे चालतात. २०२० ला धानही गेले आणि कोरोनाने हंगामही खाल्ला. बाजारपेठ त्यातून सावरायला वेळ लागला, कारण उधारीवर चालणाऱ्या बाजारात शेतकरी बुडाला की दुकानदार त्याच्या मागोमाग बुडतो.

आणखी दक्षिणेला गेलो की पूर हा शब्दच वेगळ्या अर्थाने वापरावा लागतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. तिथे अनेक वर्षे पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल बुडाला की तालुका जगापासून तुटे, आणि २०१९ सारख्या वर्षी हे एकाच पावसाळ्यात अनेकदा झाले. तिथले दुकानदार पाण्याचा अंदाज घेऊन माल वरच्या फळीवर आणि मग वरच्या मजल्यावर चढवतात, पाणी उतरले की झाडू मारून दुकान उघडतात. त्यांना ‘पुनर्वसन’ हा शब्द समजावून सांगावा लागेल. सिरोंच्याची गोष्ट निराळी. इंग्रजांच्या काळात अप्पर गोदावरी जिल्ह्याचे हे मुख्य ठाणे होते आणि गोदावरीतून आगबोटी इथवर आणण्याचा घाट घातला गेला होता. तो १८७१ साली सोडून द्यावा लागला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये बकरी ईदच्या सुमारास गोदावरीला जो पूर आला त्यात भद्राचलमला पाण्याने ७५.६ फुटांची पातळी गाठली. २०२२ च्या जुलैत ती ७१.३ फुटांपर्यंत गेली. मधल्या काळात, २०१९ ला, तेलंगणाचे मेडीगड्डा धरण झाले होते. त्याच्या फुगवट्याने आपली शेती जाते ही सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात या धरणाचे खांबच खचले. कुराणात सबा लोकांच्या हकिकतीत बांध फुटून आलेल्या पुराचा, सैल-अल-अरिमचा उल्लेख आहे. तो यमनमधल्या मारिबच्या बांधाशी जोडला जातो. धरणे बांधणारे आणि धरणांखाली राहणारे यांचे भांडण तसे जुनेच आहे.

मुसलमान इतिहासकारांनी पुराची नोंद केली नाही असे मात्र नाही. मक्का डोंगरांमधल्या दरीत वसलेले, आणि कुरैशांनी काबागृहाची पुनर्बांधणी केली तेव्हाही पुराने खिळखिळ्या झालेल्या भिंती हे एक कारण होते. बलाजुरीने फुतूह-अल-बुल्दानमध्ये मक्केच्या पुरांवर वेगळे प्रकरण लिहिले आहे. अजरकीच्या मक्केच्या इतिहासात तर हिजरी १७ च्या ‘उम्म नहशल’ पुराची तपशीलवार हकिकत आहे. त्या पुरात वाहून गेलेल्या स्त्रीचे नाव पुराला मिळाले, राजाचे किंवा सेनापतीचे नव्हे. त्या पुराने मकाम-ए-इब्राहीम जागेवरून उचलून मक्केच्या खालच्या भागात नेऊन टाकला. तो सापडला, पण त्याची मूळ जागा चिखलात पुसून गेली होती. हजरत उमर मदिनेहून आले आणि त्यांनी लोकांना विचारले, याची जागा कोणाला ठाऊक आहे? अल-मुत्तलिब इब्न अबी वदाआ नावाचा एक माणूस म्हणाला की असे काही होईल अशी भीती वाटून त्याने आधीच दोरीने मापे घेतली होती आणि ती दोरी त्याच्या घरी आहे. उमरनी त्याला जवळ बसवून घेतले, दोरी आणायला माणूस पाठवला, त्या मापाने मकाम जागेवर बसवला, आणि मग मक्केच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारा बांध घातला.

आपल्या जवळचे उदाहरण हैदराबादचे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीने हजारो माणसे नेली. शायर अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्यासमोर वाहून गेली आणि ते एकटे वाचले. निजाम महबूब अली खान यांच्या दरबाराने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. १९१२ ला शहर सुधारणा मंडळ झाले, १९२० ला उस्मानसागर, १९२७ ला हिमायतसागर. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका त्या वेळी निजामाच्याच मुलखात होता. १९५६ ला तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ ला चांद्याला. वर्धेच्या एका काठावर इंग्रजी अंमल, दुसऱ्या काठावर निजामी, आणि पूर मात्र दोन्हीकडे एकच. दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून कोणी या नदीच्या पुरांचा अभ्यास केला तर पुष्कळ काही हाती लागेल. त्यासाठी मराठी, मोडी, उर्दू आणि थोडी तेलुगू येणारा माणूस हवा. अशी माणसे आता आपल्यातच उरली असतील तर असतील.

चंद्रपूरच्या इको-प्रो या संस्थेने बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने १ मार्च २०१७ पासून परकोटाची साफसफाई केली, झाडेझुडपे काढली, बुरूज मोकळे केले. कोटाचा इतिहास त्यामुळे वाचला. कोटाबाहेरच्या वस्त्यांचा इतिहास मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. मशिदींच्या आणि जमातींच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्यांत तो असण्याचा संभव आहे. कोणत्या तारखेला चटया नव्या घेतल्या, चुना किती आणला, गाळ काढायला किती मजूर लावले, किती घरांना भांडी दिली, बिगरमुस्लिम शेजाऱ्यांपैकी कोणाला दिली, कोणाकडून वर्गणी आली. सचिव बदलला की या वह्या रद्दीत जातात. चंद्रपूर, राजुरा, ब्रह्मपुरी, वडसा, सिरोंचा या गावच्या वाचकांनी त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. ज्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते तिथे रंग मारण्यापूर्वी जमिनीपासून तिची उंची मोजून, साल घालून त्याच वहीत लिहून ठेवावी.